आजोबांच्या डब्यातले अकरा चाकू : ओळख, किंमत, वाटणी

२ जून २०२४, रविवार

माळ्यावरून डबा खाली काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत आजोबांचे घडीचे चाकू. मोजले, अकरा भरले. आजोबा मुंबईच्या गोदीत स्टोअरकीपर होते. काही चाकू त्यांनी खलाशांकडून घेतले, काही दुकानातून, आणि एक काकांनी ओहायोहून आणलेला. आजोबा गेल्यापासून डबा बंदच होता, म्हणजे सोळा वर्षं.

आता बाबा, काका आणि आत्या अशी तिघांत वाटणी करायची आहे. आत्याने फोनवर बजावलं, "अंदाजपंचे नको रे, प्रत्येकाची किंमत लिहून काढ." ते काम माझ्याकडे आलं. मला यातलं काहीही येत नव्हतं, म्हणून या नोंदी. कुणाच्या घरात असाच डबा निघाला तर माझ्या चुका तरी टळतील.

पहिली चूक आजच झाली आणि ती सगळ्यांत महागात पडली. सर्वांत देखण्या चाकूच्या पात्यावर, बुंध्याशी, जिथे पातं मुठीत शिरतं तिथे, काळपट थराखाली काही अक्षरं दिसत होती. नीट वाचता यावीत म्हणून मी झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि चार-पाच मिनिटं घासलं. पातं चकचकीत झालं आणि अक्षरं होती त्याहून पुसट झाली. डावीकडे एक चांदणी होती, तिच्या शेजारी आणखी काहीतरी होतं. ते आता जवळजवळ गेलंय.

तो राखाडी-काळा थर म्हणजे घाण नव्हे. कार्बन स्टीलच्या पात्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने तो चढतो आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतात. काढायचा असतो तो फक्त लाल, भुसभुशीत गंज. हे मला रात्री कळलं.

४ जून

अकराही चाकूंना दोऱ्याने कागदी चिठ्ठ्या बांधल्या, क्र. १ ते ११. घासलेला तो क्र. १. प्रत्येकाचे सहा फोटो : दोन्ही बाजू मिटलेल्या, दोन्ही बाजू उघड्या, पाठ आणि बुंधा. हे रविवारी डबा उघडल्याबरोबर करायला हवं होतं. मग क्र. १ च्या ठशाचा, म्हणजे पात्यावर ठोकलेल्या कारखान्याच्या खुणेचा, घासण्याआधीचा एक तरी फोटो राहिला असता.

८ जून

भिंग आलं, दहापट, ४५० रुपये. डिजिटल व्हर्नियर (लांबी-जाडी मोजायचं साधन) ६८० रुपये.

ठसा वाचायची जी पद्धत जमली ती अशी. खोली अंधारी करायची, मोबाइलची टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरायची आणि पातं हळूहळू फिरवायचं. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. तरी वाचता आलं नाही तर बोटाने चिमूटभर टाल्कम पावडर ठशात भरायची आणि वरून कापडाने हलकेच पुसायची. अक्षरांत पांढरं राहतं. पावडर नंतर मऊ ब्रशने निघते, धातूला काही होत नाही.

क्र. १ वर एवढं हाती लागलं : मुकुट, त्याच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर', खाली 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स', त्याखाली 'कटलर्स टू हिज मॅजेस्टी'. चांदणीशेजारचं पुसट चिन्ह म्हणजे माल्टीज क्रॉस, आठ टोकांचा क्रूस. हा इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉजर्सचा ठसा. चांदणी-क्रॉसचं चिन्ह त्यांना १७६४ साली शेफील्डच्या कटलर्स कंपनीकडून मिळालं. ही कंपनी म्हणजे दुकान नव्हे, तिथल्या चाकू-कात्री बनवणाऱ्यांचा संघ. कोणाचा ठसा कोणता याची नोंद तीच ठेवायची.

आजोबा फळं कापताना "हा रॉजर्स आहे, रॉजर्स" असं म्हणायचे. मला वाटायचं, तो एखादा साहेब असावा.

९ जून

क्र. २ वरही रॉजर्स दिसलं आणि दोन निघाले म्हणून मी उड्या मारल्या. रात्री दोन्ही फोटो शेजारी लावले. क्र. २ च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी' नाही. चांदणी आहे, पण क्रॉसच्या जागी फुलासारखं काहीतरी. नक्कल. पाठीची स्प्रिंग आणि आतले पत्रे यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट. अस्सल रॉजर्समध्ये तिथे कागदही शिरत नाही. ठशाच्या आधी ही फट पाहायला हवी होती, कारण ठसा कुणीही मारू शकतो, एवढी घट्ट जुळणी कुणालाही जमत नाही.

१२ जून

क्र. १ चा काळ ठरवताना दोनदा आपटलो.

सगळीकडे एक नियम वाचायला मिळतो. पात्यावर 'इंग्लंड' नसेल तर चाकू १८९१ च्या आधीचा. क्र. १ वर फक्त 'शेफील्ड' आहे, इंग्लंड नाही. मी वहीत 'सव्वाशे वर्षांहून जुना' असं लिहून आत्याला कळवूनही टाकलं. नंतर विचार केला, 'जी आर' म्हणजे राजा जॉर्ज. १८९१ पूर्वीच्या पन्नासेक वर्षांत तर व्हिक्टोरिया राणी होती, तिचा ठसा 'व्ही आर'. मग घोळ कुठे झाला? तो नियम अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यातून आलाय. अमेरिकेत उतरणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, असं त्या कायद्यात होतं. मुंबईत विकायला आलेल्या चाकूला तो लावण्यात अर्थच नाही. बहुतेक माहिती अमेरिकी संग्राहकांनी अमेरिकी मालावरून लिहिलेली असते. आपल्याकडचा चाकू हातात घेताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

मग १९१० ते १९३६, पाचवा जॉर्ज, असं लिहिलं. तेही अर्धंच बरोबर. सहावा जॉर्जही 'जी आर'च, १९३६ ते १९५२. मधल्या आठव्या एडवर्डचे काही महिने सोडले तर बेचाळीस वर्षांचा पट्टा झाला. शिवाय जुना साचा कारखान्यात राजा बदलल्यानंतरही वापरला जाऊ शकतो. त्यामुळे ठशावरून 'याआधीचा नाही' एवढंच खात्रीने सांगता येतं, 'यानंतरचा नाही' असं नाही. वहीत आता '१९१० नंतर, बहुधा १९५२ पर्यंत' असं आहे. आजोबा गोदीत १९४१ ला लागले, ते यात बसतं.

आत्याला फोन करून सव्वाशे वर्षं मागे घेतली.

१५ जून

पाऊस लागला. हवा दमट. डबा उघडला तर ८ तारखेला स्वच्छ असलेल्या क्र. ४ आणि क्र. ६ वर लाल ठिपके. दोन्ही क्र. ५ ला लागून ठेवले होते.

क्र. ५ हा छोटा चाकू, मूठ शिंपल्यासारखी चमकणारी, गुलाबी-पांढरी झाक. तीच मूठ आता काठांना चिरलेली आणि चिकट, आतल्या पितळी पत्र्यावर हिरवी लव. नाकाशी धरला, कापूर आणि व्हिनेगर यांच्या मधला वास. माझ्या डोक्यात आलं, सुई तापवून टोचू, प्लास्टिक असेल तर कळेल. मुठीच्या आतल्या कडेला तापलेली सुई लावली. फुस्स आवाज झाला, पिवळी ज्योत उठली आणि मी चाकू मोरीत टाकला. बोट थोडं भाजलं, मुठीला मसुराएवढं काळं भोक पडलं.

ती सेल्युलॉइड होती. जुन्या चाकूंना शिंपला, कासवाची पाठ, हस्तिदंत यांची नक्कल म्हणून ती सर्रास वापरत. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून ती बनते आणि ती भडकून पेटते. त्यापेक्षा वाईट म्हणजे जुनी झाली की ती सडते, तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद डब्यातल्या शेजारच्या सगळ्या पात्यांना गंज चढवते. म्हणजे सोळा वर्षं एक चाकू बाकीच्या दहांना खात होता. सुईचा प्रयोग कुणीही करू नका. मूठ अंगठ्याने जोरात चोळून गरम केली तरी सेल्युलॉइडला कापराचा वास येतो, तेवढं पुरतं.

क्र. ५ वेगळ्या उघड्या डब्यात, गॅलरीत.

१६ जून

गंज थांबवणं. आधी खोबरेल लावलं होतं, कारण घरात तेच होतं. आठवड्यात ते सांध्यांत चिकट झालं आणि त्यावर धूळ बसली. सगळं पुसून काढण्यात तीन तास गेले. आता औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरतो, ९० रुपयांची बाटली वर्षभर पुरेल. शिलाई मशिनचं तेलही चालतं. लाल ठिपक्यांवर तेलाचा थेंब, दोन तास मुरू द्यायचं, मग बांबूच्या काडीचं टोक चपटं करून त्याने हळू खरवडायचं. सुरीचं टोक नको, पेपर तर नकोच. क्र. ४ वरचे ठिपके गेले, क्र. ६ वर दोन बारीक खळगे राहिले.

चाकू चामड्याच्या पाकिटात ठेवणंही चूक, कातडं कमावण्याची रसायनं पितळेला हिरवं करतात. कापडी गुंडाळ्या आणि सिलिका जेल, १८० रुपये.

१८ ते २२ जून

क्र. ३ उघडेना. पहिल्या दिवशी नखखाचेत (पातं नखाने उघडायची खाच) पक्कड लावून ओढला आणि खाचेची वरची कड खरचटली. थांबलो. सांध्यात रोज सकाळ-संध्याकाळ तेलाचे दोन थेंब आणि चाकू उभा ठेवायचा. पाचव्या दिवशी बोटाने सहज उघडला. हे पाच दिवस पहिल्यापासून दिले असते तर खाच शाबूत राहिली असती.

ठसा : 'आय-एक्स-एल', 'आय' नंतर चांदणी, खाली 'जॉर्ज वोस्टनहोम'. हेही शेफील्ड. अक्षरं उच्चारली की इंग्रजीत 'मी सरस आहे' असं होतं. १९७१ मध्ये रॉजर्स आणि वोस्टनहोम एकत्र आले, आणि या नावांनी चाकू आजही बनतात. म्हणून नुसतं नाव वाचून जुना म्हणू नये. आमच्या क्र. ३ चं पातं साध्या कार्बन स्टीलचं आहे. स्टेनलेस शेफील्डमध्येच, हॅरी ब्रिअर्लीकडून १९१३ साली निघालं. त्यामुळे पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर त्याआधीचा काळ तिथेच बाद होतो. उलट मात्र खरं नाही, साधं स्टील पुढेही कित्येक वर्षं वापरात होतं.

मूठ सांबरशिंगाची. त्याबद्दल पुढे.

२३ जून, रविवार

पुण्याचा जुना बाजार. चिखल तुडवत दोन तास फिरलो. घडीचे चाकू तीन दिसले, तिघांचीही पाती ग्राइंडरवर घासून निम्मी झालेली. मनात आलं, ग्राहकाला चकाकी हवी असते म्हणून विक्रेता घासतो, आणि घासल्यामुळे ज्याला खरी किंमत कळते तो ग्राहक निघून जातो.

घरी येऊन अकरांची पाती तपासली. पातं किती खाल्लं गेलंय हे कळायला दोन खुणा. मिटलेल्या चाकूत टोक मुठीच्या आत जास्त खोल दडलं असेल तर टोक मोडून पुन्हा घडवलेलं असतं. आणि नखखाच धारेच्या फार जवळ आली असेल तर धार लावून लावून पातं अरुंद झालेलं असतं. क्र. १० आणि ११ या दोन्ही बाबतींत गेलेले, ठसाही नाही. क्र. १ चं मोठं पातं जवळजवळ पूर्ण आहे, त्यामुळे माझ्या पॉलिश पेपरचं दुःख आणखी वाढलं.

२६ जून

क्र. ९, काकांचा. हा सगळ्यांत सोपा वाटला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीचा. यांची पद्धत फार चांगली आहे. १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके, मग दर वर्षी एक कमी. मागच्या बाजूला नमुन्याचा आकडा, ६३१८. पहिला ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा नमुना.

मी आठ ठिपके मोजले, म्हणजे १९७२. काकांना व्हिडिओ कॉलवर विचारलं. ते म्हणाले, "अरे, मी ७४ ला घेतला, पहिल्या पगारवाढीत." दुकानात दोन वर्षं पडून राहिला असेलही, पण शंका आली. पुन्हा टॉर्च आडवी. ठोकलेल्या ठिपक्याचा तळ गोल आणि गुळगुळीत असतो. आठव्याचा तळ खडबडीत, कड वेडीवाकडी. गंजाचा खळगा. ठिपके सात, साल १९७३.

आकड्यातल्या ६ वर मात्र पूर्ण विसंबू नये. त्या काळात केसने हाडाऐवजी डेल्रिन नावाचं प्लास्टिकही त्याच आकड्याखाली वापरलं. भिंगाखाली हाडात बारीक तपकिरी ठिपके आणि रेघोट्या दिसतात, ती रक्तवाहिन्यांची छिद्रं. प्लास्टिकमध्ये ती नसतात. क्र. ९ मध्ये आहेत.

१ जुलै

पालख्या शहरात, रस्ते बंद, सुट्टी टाकून घरीच बसलो. क्र. ६, पांढरी मूठ, पातळसा कलमतराश (लेखणी तासायचा चाकू), ठशात फक्त 'शेफील्ड' वाचता येतं.

याची धास्ती होती. हस्तिदंत निघालं असतं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो, विक्री करताच येत नाही. आफ्रिकी हस्तिदंतही १९९१ च्या दुरुस्तीनंतर त्यात आलंय. मुठीचा आडवा काप भिंगाखाली पाहिला. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानीसारख्या रेषांची जाळी दिसते. ती नाही. सरळ समांतर रेषा असत्या तर सेल्युलॉइडची नक्कल. त्याही नाहीत. बारीक काळसर छिद्रं आहेत. हाड. बाबा म्हणाले, सुटलो.

क्र. ३ बद्दल तसं म्हणता येत नाही. सांबर त्याच कायद्याखाली संरक्षित आहे आणि सांबरशिंगाच्या निर्यातीवर १९९८ पासून बंदी आहे. परदेशात अशाच आय-एक्स-एलला चांगले पैसे येतात हे मी पाहिलं, पण तो आकडा आमच्या कामाचा नाही. क्र. ३ पुढे किंमत लिहिली नाही, वाटणीतूनही काढला. वनविभागाकडे लेखी विचारणा करणार आहे, तोवर तो बाबांकडेच राहील.

५ जुलै, शुक्रवार

मुंबई, चोरबाजार. जाणं-येणं आणि जेवण धरून ६०० रुपये. क्र. १, ४ आणि ८ बरोबर नेले, एका जुन्या दुकानात दाखवले. दुकानदार चाचांनी ठसा पाहिलाच नाही. आधी चाकू कानाशी धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. रॉजर्सचा 'टक्' असा एकच कोरडा आवाज आला. मग उघड्या चाकूच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मिटवून परत फिरवला. दोन्ही वेळा स्प्रिंग पत्र्यांशी सपाट लागली पाहिजे, कुठे उंच-खोल लागलं तर आत कुणीतरी हात घातलेला. शेवटी पातं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "किसने घिसा?" मी सांगितलं, मीच.

८०० रुपये देऊ केले. न घासता किती दिले असते विचारलं तर म्हणाले, दोन हजार, बिना बोले.

७ जुलै

किंमती. इथे सर्वांत मोठा गोंधळ मी महिन्यापूर्वीच करून ठेवला होता. ऑनलाइन एका रॉजर्सवर १८० पौंडांची पाटी पाहून आत्याला १९,००० सांगितले होते. ती मागणी होती. मागायला कुणीही काहीही मागतं. आज फक्त विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी लावून पाहिली. तसाच नमुना, तशीच पाती, तीन वेळा विकलेला : ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान. १८० वाला चाकू अजून तिथेच आहे.

मग नियम केला. प्रत्येक चाकूसाठी किमान तीन खरे झालेले व्यवहार, त्यांतला मधला आकडा, टपालखर्च धरायचा नाही. तीन मिळाले नाहीत तर जवळचा नमुना घेऊन तसं वहीत नमूद करायचं. आत्याला नवा आकडा सांगितला, ३,७००. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं झालं आधी सांगितलंस, मी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धरले होते." मला फार वाईट वाटलं.

१४ जुलै

उरलेले पटकन. क्र. ४ सैन्याचा, काळ्या चौकटीदार मुठीचा : आखूड रुंद पातं, डबा उघडायचं हत्यार, पाठीला दोरखंड सोडवायचा टोकदार सुया, ब्रिटिश सरकारी बाणाची खूण आणि १९४३. युद्धात प्रचंड संख्येने बनले, त्यामुळे दुर्मिळ नाहीत, पण सालाच्या ठशामुळे वाद उरत नाही. २,६००. क्र. ७ व्हिक्टोरिनॉक्स. हे नाव १९२१ चं, कंपनी १८८४ ची. लाल मूठ, दातकोरणी हरवलेली, १,५००. क्र. ८ वर 'सोलिंगेन, वेस्ट जर्मनी', म्हणजे १९४९ ते १९९० मधला, १,८००. क्र. ६ खळग्यांसकट १,२००. क्र. २ नक्कल, ३००. क्र. १० आणि ११ प्रत्येकी १००. क्र. ९ केस, ५,०००.

२१ जुलै, रविवार

वाटणी. एकूण १६,३०० धरले. काकांना क्र. ९, २ आणि १० : ५,४००. आत्याला क्र. ४, ६, ७ आणि ११ : ५,४००. बाबांना क्र. १ आणि ८ : ५,५००.

क्र. १ आजच्या अवस्थेत फार तर १,५०० चा आहे. तो ३,७०० धरूनच आमच्या वाट्याला घेतला, कारण तो मी बिघडवला. बाबांनी हे स्वतःहून सुचवलं. काका कॉलवर "अरे कशाला" म्हणत होते, पण वहीत तसंच लिहिलं आणि तिघांनी वाचलं.

खर्च : भिंग, व्हर्नियर, पॅराफिन आणि सिलिका मिळून १,४००, मुंबई ६००, एकूण २,०००. वेळ साधारण ४५ तास, त्यातले निम्मे स्वतःच्या चुका निस्तरण्यात.

४ ऑगस्ट

आत्या येऊन तिचे चार घेऊन गेली. कापडी गुंडाळ्या, आत सिलिकाची पुडी, वर क्रमांकाची चिठ्ठी आणि तेल कधी लावायचं त्या तारखा. क्र. ३ चं पत्र वनविभागाला गेलंय, उत्तर यायचंय. क्र. ५ अजून गॅलरीत, उघड्या डब्यात. मूठ आता मध्यापर्यंत चिरलीय. पातं तेवढं काढून ठेवता येईल का ते पाहतोय, पण रिव्हेट ठोकून काढायला लागेल आणि आधी फोटो काढायचे आहेत.